पद्मिनीचा एसी पंप काढून इलेक्ट्रिक पंप बसवायचा का?

पद्मिनी_७८
नमस्कार मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७८ची. वडिलांनी नवी घेतलेली आणि आजवर दुसऱ्या कुणाच्या नावावर न गेलेली. १०८९ सीसीचं मूळ इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर, इंजिनाला बसवलेला एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा, इंजिनावर चालणारा पंप; थंड हवेच्या एसीशी संबंध नाही). मुक्काम नाशिक.

तक्रारी दोन आहेत. आठ-दहा दिवस गाडी उभी राहिली की पेट्रोल वर यायला फार वेळ लागतो. स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरायची पाळी येते. दुसरी तक्रार जास्त त्रासाची. यंदाच्या मे महिन्यात मुंबईहून परत येताना कसाऱ्याच्या घाटात गाडी आधी धक्के खायला लागली आणि मग बंदच पडली. बॉनेट उघडून अर्धा तास उभं राहिलो, तर नंतर काही झालंच नाही अशी चालू झाली. इगतपुरीच्या अलीकडे पुन्हा तेच.

आमचे मिस्त्री म्हणतात, एसी पंप काढून टाका, इलेक्ट्रिक बसवतो. त्यांनी दाखवलेला पंप कुठल्याशा इंजेक्शनच्या गाडीच्या टाकीतला आहे. मला प्रश्न असे पडलेत: हे करावं का? करायचं तर पंप कुठे बसवायचा, किती दाबाचा घ्यायचा? आणि गाडीचं मूळपण जाईल का? ही गाडी मला अजून बरीच वर्षं चालवायची आहे, म्हणून घाई करायची नाही.

घाटवाट
हा व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं. आमच्या आजोबांची फियाट होती तेव्हा खंडाळ्याच्या घाटात सगळ्यांच्या बॉनेटखाली हेच चालायचं. एसी पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, वरून बाटलीने पाणी सोडत राहायचं. तापात कपाळावर पट्टी ठेवतात तसं. दहा मिनिटांत गाडी चालू. पाण्याचा डबा आणि फडकं डिकीत कायम असायचं.

तेलकट_हात
बाकी चर्चा होईलच, पण एक आधी सांगतो: मिस्त्रींनी दाखवलेला तो पंप बसवू नका.

इंजेक्शनच्या गाडीचा पंप साधारण ३ बार, म्हणजे ४०-४५ पीएसआय दाब देतो. तुमच्या कार्बोरेटरची निडल (चेंबर भरला की तरंगत्या फ्लोटने वर ढकलली जाऊन पेट्रोल अडवणारी सुई) जेमतेम ३-४ पीएसआय धरते. त्यापुढे फ्लोटने कितीही वर ढकललं तरी निडल बसत नाही, चेंबर भरून वाहतो आणि पेट्रोल गरम इंजिनावर सांडतं. पुढे काय होतं ते सांगायला नको. रेग्युलेटर लावून भागवू असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. साधे कार्बोरेटरचे रेग्युलेटर एवढ्या दाबासाठी बनलेलेच नसतात.

कार्बोरेटरच्या गाड्यांसाठीचे कमी दाबाचे पंप वेगळे मिळतात. त्यावर छापलेलं असतं, २ ते ३.५ पीएसआय वगैरे.

"लिटर जास्त देणारा पंप घ्या" या सल्ल्यालाही बळी पडू नका. पद्मिनी ताशी ८० ने धावतेय आणि १२चा अ‍ॅव्हरेज देतेय असं धरलं तर तासाला पेट्रोल लागतं साडेसहा-सात लिटर. लहानात लहान इलेक्ट्रिक पंपही याच्या कितीतरी पट देतो. लिटर बघू नका, दाब बघा.

शिळोप्याच्या_गप्पा
आधी गाडीचा फोटो टाका राव. एकाच घरातली ७८ची पद्मिनी आणि फोटो नाही, हे चालणार नाही.

ठिणगी
घाटवाट यांनी लगेच व्हेपर लॉक ठरवून टाकलं, पण मला ते एवढं सरळ वाटत नाही. गरम झाल्यावर बंद पडणं आणि गार झाल्यावर चालू होणं हे लक्षण इग्निशन कॉइलचं आणि कंडेन्सरचंही (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे भाग) आहे. दोघंही तापले की दगा देतात, निवले की शहाणे होतात. पंप बदलून पैसे घालवाल आणि पुन्हा त्याच वळणावर उभे राहाल.

पुढच्या वेळी गाडी बंद पडली की तिथल्या तिथे दोन गोष्टी बघा. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात डोकवा आणि हाताने अ‍ॅक्सिलरेटरचा लिव्हर झटकन ओढा. पेट्रोलची बारीक धार आत उडताना दिसली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे, मग पंपाला दोष देऊ नका. त्यानंतर एक प्लग काढून, वायर लावून इंजिनाला टेकवा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. निळी, खणखणीत ठिणगी पाहिजे. पिवळसर, मरतुकडी असेल तर कंडेन्सर बदला. प्लग तपासताना कार्बोरेटरच्या आसपास सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या, एवढी काळजी मात्र घ्या.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे कुणी बघत नाही: टाकीचं झाकण. त्याला हवा आत जायला छोटं भोक असतं. ते बुजलं की जसजसं पेट्रोल कमी होतं तसतशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. गाडी धक्के खाऊ लागली की थांबून झाकण उघडा. "सुस्स" असा आवाज आला तर दुखणं सापडलं.

कुर्ला_नाका
ठिणगी यांना पूर्ण अनुमोदन.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर काळ्यापिवळ्या टॅक्सी दुरुस्त केल्या. ज्या कुर्ल्यात या गाड्या बनायच्या तिथेच आमचं गॅरेज. पद्मिनीचा एसी पंप हा फार गुणी पंप आहे. मुंबईच्या उन्हात, दिवसभर फर्स्ट-सेकंडमध्ये, हजारो टॅक्सी याच पंपावर चालल्या. मग तुमचाच पंप का चालू नये? कारण त्याचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) म्हातारा झालाय आणि आतले व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, म्हणून. गाडी बंद केली की पेट्रोल पाइपातून मागे उतरतं, त्यामुळे आठ दिवसांनी तुम्हाला एवढा स्टार्टर मारावा लागतो.

पंपाच्या दुरुस्तीचं किट (नवा डायफ्राम, व्हॉल्व्ह वगैरे) घाला. पण किट घालताना एक गोष्ट जपा. पंप आणि इंजिन यांच्या मध्ये बेकलाइटचा जाड तुकडा असतो, दोन्ही बाजूंना गॅस्केट. तो तुकडा दोन कामं करतो. इंजिनाची उष्णता पंपापर्यंत येऊ देत नाही, आणि पंपाच्या दांड्याला किती स्ट्रोक मिळेल तेही त्याच्या जाडीवर ठरतं. कुणी घाईत जाड गॅस्केट घातलं की स्ट्रोक कमी, पेट्रोल कमी. कुणी बेकलाइटच काढून ठेवलं की पंप तापतो, आणि स्ट्रोक वाढून डायफ्रामही फाटतो. कित्येक गाड्यांत हा तुकडा गायब झालेला मी बघितलाय.

आणखी एक, हे आजच करा: ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर डायफ्राम फाटलाय आणि पेट्रोल संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतंय. मग ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. पातळ ऑइलवर बेअरिंगं जातात.

पद्मिनी_७८
सगळ्यांचे आभार. फोटो टाकलाय, शिळोप्याच्या गप्पा यांनी पोटभर बघावा :)
काडी तपासली. वास येतोय. आधी वाटलं भास आहे, म्हणून बायकोलाही वास घ्यायला सांगितला. ती म्हणाली, सरळ पेट्रोलच आहे. पातळीही वरच्या खुणेच्या थोडी वर. गाडी बंद ठेवलीय.

शिळोप्याच्या_गप्पा
काय रंग ठेवलाय! मागच्या काचेवरची जाळीही मूळची दिसते. वहिनींच्या नाकाला मानलं.

चांदणी_चौक
कुर्ला नाका, तुमच्या वडिलांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण एका मुद्द्यावर मी सहमत नाही. तेव्हाचं पेट्रोल आणि आजचं पेट्रोल एक नाही. आजचं पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांचा विचार करून बनतं. त्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पूर्ण पाइप दाबाखाली असतो, त्यामुळे पेट्रोल लवकर उकळतं की उशिरा याने त्यांचं काही बिघडत नाही. आपल्या गाड्यांचं बिघडतं.

पेट्रोल म्हणजे एकच द्रव नाही, अनेक घटकांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५-४० अंशालाच उकळायला लागतात. एसी पंप पुढे इंजिनाला चिकटलेला आणि टाकी मागे. म्हणजे पूर्ण लांबीच्या पाइपात पंप पेट्रोल *ओढतो*. ओढताना पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि दाब कमी झाला की द्रव आणखी कमी तापमानाला उकळतो. मग पाइपात आणि पंपात वाफेचे बुडबुडे होतात. पंप द्रवासाठी बनलाय, वाफ त्याला ढकलता येत नाही. त्यात घाटात वर जाताना वेग कमी, म्हणून रेडिएटरवर वारा कमी, बॉनेटखालची हवा भट्टीसारखी, आणि उंची वाढली की हवेचा दाबही थोडा कमी. सगळं एकाच वेळी जुळून येतं.

इलेक्ट्रिक पंप मागे टाकीजवळ बसवला की चित्र उलटतं. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचं पेट्रोल *ढकललं* जातं, म्हणजे दाबाखाली राहतं, आणि दाबाखाली ते उशिरा उकळतं. म्हणून पंप मागेच हवा. बॉनेटखाली इलेक्ट्रिक पंप बसवणाऱ्याला फायदा फारसा होत नाही, तो फक्त ओढणारा पंप बदलतो.

माझ्या मते किट घालून पंप नवा झाला तरी मे महिन्यात घाट आणि ट्रॅफिक एकत्र आले की हा त्रास राहणार.

इथेनॉल_विरोधक_नाही_पण
आणि ई२०चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय? फेब्रुवारी २०२३मध्ये ते पेट्रोल पंपांवर यायला लागलं, २०३०चं उद्दिष्ट २०२५वर आणलं गेलं. आता साधं पेट्रोल मागितलं की तेच मिळतं. ७८चं रबर इथेनॉलसाठी बनलेलं नाही. होज आतून फुगतात, मऊ होतात, काळा भुगा निघतो आणि जेटमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात) जाऊन बसतो. कॉर्कची गॅस्केटंही सुकतात. किट घेतलं तरी त्यातला डायफ्राम कसल्या रबराचा आहे ते विचारा, नाहीतर वर्षभरात पुन्हा तेच.

तेलकट_हात
बरोबर. होज घेताना त्यावर छापलेलं वाचा. "एसएई जे३० आर९" लिहिलेला हवा, त्याचा आतला थर फ्लोरोरबरचा असतो. साधा आर६-आर७ स्वस्त मिळतो, पण इथेनॉलपुढे टिकत नाही. आणि दातेरी पट्टीचे क्लॅम्प होजला कापतात, त्याऐवजी इंजेक्शनच्या गाड्यांचे गुळगुळीत क्लॅम्प घ्या.

इथेनॉलचा आणखी एक परिणाम: पेट्रोल जळायला हवा लागते १४.७ पट, इथेनॉलला ९ पट. जेट तेच ठेवून ई२० भरलं की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, इंजिन जास्त तापतं. मेन जेट एक पायरी मोठा घालून प्लगचा रंग बघा.

मॉरिसवाला_लेस्टर
इकडून, इंग्लंडातून, एक अनुभव. माझ्याकडे मॉरिस मायनर आहे. तिला कारखान्यातूनच इलेक्ट्रिक पंप होता, एसयूचा, बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर. म्हणजे "इलेक्ट्रिक पंप लावला की जुनी गाडी बाटली" असं काही नाही, काही जुन्या गाड्यांचा तो मूळचा भाग आहे. एसयूचे पंप अजूनही सॉल्झबरीत बनतात.

त्याची मजा अशी की किल्ली फिरवली की टक-टक-टक ऐकू येतं, चेंबर भरला की टकटक मंदावते आणि थांबते. थांबलीच नाही तर कुठेतरी गळतंय. अजिबात आलीच नाही तर पंपातले पॉइंट (विजेची जोड-तोड करणारे संपर्क) जळलेत. इकडचे जुने लोक मग पान्याच्या दांड्याने पंपाला हळूच ठोकतात आणि घरी पोचतात.

एक इशारा: मायनरला पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. नवे इलेक्ट्रॉनिक पंप उलटे जोडले की तत्काळ जळतात. पद्मिनीला निगेटिव्ह अर्थ आहे, तरी बॅटरीची कुठली वायर बॉडीला जाते ते डोळ्यांनी बघूनच जोडा. पन्नास वर्षांत कुणी काय केलं असेल सांगता येत नाही.

इकडेही सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल ई१० झालं, पण महागडं सुपर ई५ मिळतं. जुन्या गाड्यांवाले तेच भरतात.

नियमात_बसणारा
मूळपणाचा प्रश्न विचारलाय म्हणून लिहितो. २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींना "व्हीए" मालिकेचा नंबर मिळतो, शुल्क २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षं. अट अशी की चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरफार नको. तुमची गाडी २०२८मध्ये ५० पूर्ण करेल. पण या नोंदणीवर गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल वगैरे ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला गाडी चालवायची आहे, तर १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी होणारं नेहमीचं नूतनीकरणच बरं.

पंपाबद्दल माझं मत: जे पुन्हा मूळ जागी आणता येतं त्याने मूळपण जात नाही. एसी पंप, त्याचा दांडा आणि बेकलाइट तेलाचा हात लावून डब्यात जपून ठेवा. बॉडीला नवं भोक मात्र पाडू नका.

उद्यमनगर
आता बसवायचाच ठरला तर कसा, ते लिहितो. कोल्हापुरात मी अशा गाड्यांची कामं करतो.

जागा: टाकीजवळ, शक्यतो टाकीच्या तळाच्या उंचीला किंवा त्याखाली. हे पंप ढकलण्यात तरबेज, ओढण्यात कच्चे. सायलेन्सरपासून लांब, आणि चाकाने उडालेला दगड लागणार नाही अशा ठिकाणी. आधीपासून असलेल्या बोल्टवर पत्र्याचा ब्रॅकेट करून घ्या आणि मध्ये रबराचे बुश घाला, नाहीतर अख्ख्या गाडीत पंपाचा आवाज घुमतो. काही चौकोनी पंपांना बाहेरचं तोंड वरच्या बाजूला तिरकं ठेवायचं असतं, कागदावर लिहिलेलं असतं, ते वाचा.

फिल्टर: पंपाच्या *आधी* जाळीचा, कार्बोरेटरच्या आधी बारीक. पंपाच्या आधी बारीक फिल्टर लावू नका, त्याने ओढण्यात अडथळा येतो आणि तिथेच वाफ धरते. पन्नास वर्षांची टाकी असेल तर आधी उतरवून धुऊन घ्या, गंज निघणारच.

वायर: पंप सव्वा-दीड अँपिअरचा असला तरी किल्लीच्या स्विचवर थेट भार टाकू नका. रिले लावा, फ्यूज लावा, वायर १.५ चौरस मिलिमीटरची. सगळ्यात जास्त घोटाळा अर्थिंगचा होतो. मागे गंजलेल्या पत्र्याला वॉशर घासून अर्थ दिला की पावसाळ्यानंतर पंप अडखळतो. अर्थची स्वतंत्र वायर बॅटरीपर्यंत आणा.

एसी पंपाची जागा: पंप काढला की ब्लॉकला भोक उरतं, तिथून ऑइल उडतं. अ‍ॅल्युमिनियमची सपाट प्लेट आणि गॅस्केट लावा. गॅस्केटचा ठसा घेऊन गेलात तर कुठलाही टर्नर करून देईल. आणि आतला दांडा काढायला विसरू नका.

शेवटी दाब मोजा. कार्बोरेटरजवळ टी लावून गेज बसवा, इंजिन आयडलला असताना बघा. ३.५च्या वर असेल तर रेग्युलेटर. तळाला ओव्हरफ्लो दिसला तर दाब जास्त की निडल झिजलेली, ते तपासा. एसी पंपाखाली वर्षानुवर्षं काम केलेली निडल इलेक्ट्रिकच्या सलग दाबाखाली अनेकदा गळते. तेव्हा निडल आणि सीट नवीन घालूनच सुरुवात करा.

मांडवीकाठ
गोव्यातून. इलेक्ट्रिक पंपाने सगळं सुटेल अशी आशा ठेवू नका. आणखी एक दुखणं असतं: गरम गाडी बंद करून बाजारात गेलात, पंधरा मिनिटांनी आलात, चालूच होत नाही. तेव्हा पाइपात काही बिघडलेलं नसतं, कार्बोरेटरच्या चेंबरमधलंच पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांत) सांडलेलं असतं. मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. अशा वेळी पंपिंग न करता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर मारायचा. यावर उपाय कार्बोरेटरखाली बेकलाइटचा जाड स्पेसर आणि खाली उष्णता अडवणारा पत्रा. माझ्या गाडीत या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडला तेवढा पंपाने पडला नाही.

घाटवाट
एसी पंप ठेवूनच मागे इलेक्ट्रिक लावला तर? उभी राहिलेली गाडी चालू करायला आणि घाटात मदतीला. बटण दाबलं की चालू.

कुर्ला_नाका
हे मलाही पटतं, पण एकाच अटीवर: डायफ्राम नवा असेल तर. फाटक्या डायफ्रामवर मागून इलेक्ट्रिक पंप लावलात तर तो थेट संपमध्ये पेट्रोल भरतो. पद्मिनी_७८ यांच्या गाडीची सध्या नेमकी तीच अवस्था आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

उद्यमनगर
आणि बंद असताना पंपाने पेट्रोल आरपार जाऊ दिलं पाहिजे. सगळे पंप देत नाहीत. घेताना दुकानातच, कोरड्या पंपात आत जाणाऱ्या तोंडातून फुंकून बघा.

चांदणी_चौक
आता ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. एसी पंप इंजिनाबरोबर फिरतो, इंजिन थांबलं की तो थांबतो. इलेक्ट्रिक पंपाला इंजिनाचं काही माहीत नसतं. अपघातात पाइप तुटला, ड्रायव्हर बेशुद्ध आहे, किल्ली चालू आहे, तर तो पेट्रोल ओतत राहतो. आमच्या ग्रुपमधल्या एका गाडीचा होज घाटात सुटला. इंजिन बंद पडलं, पंप चालूच. बॉनेटखालून धूर दिसला म्हणून बरोबरच्या गाडीतल्या मित्राने पळत येऊन किल्ली बंद केली. दोन मिनिटं उशीर झाला असता तर गाडी गेली असती, कदाचित माणूसही.

तेव्हा कटऑफ हवाच, त्याशिवाय बसवू नका. कॉइलच्या निगेटिव्हवरून सिग्नल घेणारा रिले मिळतो, किल्ली दिली की दोन-तीन सेकंद पंप चालवतो आणि ठिणग्या थांबल्या की बंद करतो. किंवा ऑइलच्या दाबाचा स्विच. त्याच्या जोडीला अपघाताच्या धक्क्याने वीज तोडणारा इनर्शिया स्विच, अनेक इंजेक्शनच्या गाड्यांत असतो, जुन्या बाजारात मिळतो. उभा आणि घट्ट बसवायचा. मी दोन्ही लावलेत.

तेलकट_हात
+१००. धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद.

पद्मिनी_७८
बऱ्याच दिवसांनी लिहितोय, कारण सांगण्यासारखं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

आधी ठिणगी यांचं ऐकलं. कंडेन्सर बदलला. टाकीचं झाकण काढून बघितलं तर भोक खरंच बुजलेलं, मागे कधीतरी झाकणाला रंग मारताना भरलं असावं. साफ केलं. ऑइल आणि फिल्टर बदलले. एसी पंपाला चांगल्या रबराचं किट घातलं, बेकलाइट मूळचंच सापडलं. सगळे होज आर९. यानंतर उभी राहिलेली गाडी पहिल्यापेक्षा खूप लवकर चालू होऊ लागली आणि पावसाळ्यात कसारा एकदाही अडला नाही. कुर्ला नाका, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

पण ऑक्टोबरच्या उन्हात, शहापूरजवळच्या ट्रॅफिकनंतर घाट चढताना पुन्हा धक्के आले. या वेळी तोंडात डोकावलो, लिव्हर ओढला, धार नाही. ठिणगी निळी. म्हणजे चांदणी चौक यांचं बरोबर होतं.

आता मागे कमी दाबाचा पंप बसवलाय, मूळच्या बोल्टवर, एकही नवं भोक न पाडता. एसी पंप काढून प्लेट लावलीय, दोन पंपांची भानगड ठेवली नाही. ठिणगीवर चालणारा रिले आणि इनर्शिया स्विच दोन्ही आहेत. कार्बोरेटरखाली स्पेसर आहे. गेजवर दाब तीनच्या आत. मिस्त्रींनाही हा धागा वाचून दाखवला. त्यांनी स्वतः इनर्शिया स्विचवर हातोडीचा दांडा आपटून पंप बंद होतो का ते तपासलं आणि मगच गाडी माझ्या ताब्यात दिली.

अग्निशामक घ्यायचाय. कुठला आणि कुठे ठेवू?

चांदणी_चौक
फार छान काम केलंत. एबीसी पावडरचा, एक किंवा दोन किलोचा, आयएसआय छाप असलेला. डिकीत नको, आग लागल्यावर डिकी उघडायला कुणी जात नाही. ड्रायव्हरच्या सीटच्या पुढे, खाली, पट्टीने घट्ट. आणि बॉनेटखाली आग दिसली तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळून भडकते. आधी किल्ली बंद, सगळे बाहेर, मग बॉनेट हाताच्या पंज्याएवढं वर करून फटीतून नळी आत.

कुर्ला_नाका
दरवर्षी गेजचा काटा हिरव्यात आहे का बघा, आणि अधूनमधून सिलिंडर उलटासुलटा करून हलवा, पावडर तळाला घट्ट बसते. बाबांना नमस्कार पोचवला. ते विचारतायत, गॅस्केट किती जाडीचं घातलं होतं?